मशीन माझं, नोंद कोणाची?

पोलंडच्या नैर्ऋत्येला लोअर सायलेशिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या प्रांतिक रेल्वेकडे ‘इम्पल्स’ जातीच्या विजेवर धावणाऱ्या गाड्या आहेत. ठरावीक किलोमीटर झाले की गाडी पूर्ण खोलायची, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जुळवायची. परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपमधली माणसं ज्याला पीओएच म्हणतात, तेच हे काम. गाडी बनवली होती नेवाग या कंपनीने, पण पीओएचचं टेंडर मिळालं एसपीएस नावाच्या दुसऱ्या वर्कशॉपला. २०२२ मध्ये त्यांनी गाडी खोलली, मॅन्युअलबरहुकूम एकेक भाग तपासला आणि परत जुळवली. संगणक सगळं ठीक असल्याचं दाखवत होता, पण चाक काही हलेना. दुसरी गाडी आणली, तिचंही तेच झालं.

शेवटी वर्कशॉपने ‘ड्रॅगन सेक्टर’ या पोलिश हॅकर गटातल्या तरुणांना गाठलं. त्यांनी गाडीच्या संगणकातला कोड उतरवून घेतला आणि वाचत बसले. डिसेंबर २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या हॅकर-परिषदेत त्यांनी जे सांगितलं, त्याने युरोपभर खळबळ उडाली. त्यांच्या म्हणण्यानुसार कोडमध्ये प्रतिस्पर्धी वर्कशॉपचे अक्षांश-रेखांश लिहिलेले होते. गाडी त्या जागी ठरावीक दिवस उभी राहिली की स्वतःलाच कुलूप घालून घ्यायची. नेवागने हे आरोप साफ फेटाळले आणि या तरुणांवर दावे दाखल केले. त्यात कोण खरं आणि कोण खोटं, हे ठरवायला न्यायालयं आहेत. मला त्या प्रकरणातली दुसरीच गोष्ट आजही टोचते. ज्या रेल्वेने पैसे मोजून गाडी घेतली, तिला आपली गाडी का उभी आहे हे स्वतःच्या गाडीकडून कळू शकत नव्हतं. त्यासाठी हॅकर बोलवावे लागले.

युरोपात सध्या ‘डिजिटल स्वातंत्र्य’ या विषयावर भरपूर बोललं जातं. अमेरिकी कंपन्यांचं क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर), चिनी बनावटीची यंत्रसामग्री, आपला डेटा आपल्याच भूमीवर हवा, अशी ती चर्चा असते. त्यातली काळजी खरी आहे, हे मी पुढे सांगणारच आहे. पण त्या चर्चेत एक घोळ आहे असं माझं ठाम मत आहे. स्वातंत्र्याची परीक्षा सर्व्हर कोणत्या देशात आहे यावर होत नाही. यंत्र वापरणाऱ्याला त्या यंत्राची नोंद हातात मिळते का आणि नको असेल तेव्हा सामान उचलून दुसरीकडे जाता येतं का, यावर ती होते. या दोन गोष्टी नसतील तर सर्व्हर फ्रँकफुर्टला असला काय आणि व्हर्जिनियाला असला काय, कारखानदार बांधलेलाच राहतो.

म्हणून मला युरोपीय संघाचा डेटा अ‍ॅक्ट महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचा मसुदा आला, ११ जानेवारी २०२४ ला तो अस्तित्वात आला आणि १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याचा गाभा सोपा आहे. ट्रॅक्टर, लिफ्ट, लेथ, मोटार, पवनचक्की, कोणतंही जोडलेलं यंत्र चालताना जो डेटा तयार करतं, तो वापरणाऱ्याला मिळाला पाहिजे. त्याने सांगितलं तर तो तिसऱ्यालाही, म्हणजे त्याच्या मेकॅनिकला, विमा कंपनीला किंवा सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या छोट्या कंपनीला मिळाला पाहिजे. उत्पादक तो डेटा वापरणाऱ्याशी करार केल्याशिवाय स्वतःसाठीही वापरू शकत नाही. १२ सप्टेंबर २०२६ नंतर बाजारात येणारी यंत्रं तर मुळातच अशी घडवायची आहेत की डेटा सहज हाती लागेल. बड्या प्लॅटफॉर्म कंपन्यांना, म्हणजे युरोपच्या कायद्यात ज्यांना ‘गेटकीपर’ ठरवलं आहे त्यांना, या वाटेने डेटा घेता येणार नाही, अशी कडीही घातली आहे. छोट्या उत्पादकांना या जबाबदारीतून सूट आहे.

मसुदा मांडताना युरोपीय आयोगाने म्हटलं होतं की उद्योगांत गोळा होणारा ८० टक्के डेटा कधी वापरलाच जात नाही आणि हा कायदा २०२८ पर्यंत २७० अब्ज युरोची भर घालील. असे अंदाज पुढे खरे ठरतात का, यात मला फारसं स्वारस्य नाही. मला दिसतो तो उसाचा काटा. उसाचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं आणि काटामारीची तक्रार आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. शेतकरी त्यावर मागणी काय करतो? बाहेरच्या काट्यावरचं वजन ग्राह्य धरा. ऊस त्याचा, वजन दुसऱ्याचं, हे त्याला मान्य नसतं. डेटा अ‍ॅक्टमधली मागणी जातकुळीने तीच आहे. यंत्र ज्याने विकत घेतलं, त्याला मोजमाप स्वतः वाचता आलं पाहिजे आणि दुसऱ्या कोणाकडून पडताळूनही घेता आलं पाहिजे.

आता क्लाउडकडे येऊ. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात लिहिलं आहे की युरोपच्या क्लाउड बाजाराचा ६५ टक्क्यांहून जास्त हिस्सा तीन अमेरिकी कंपन्यांकडे आहे आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लाउड कंपनीकडे जेमतेम २ टक्के. हे परावलंबन नुसतं बाजाराचं नाही. अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड अ‍ॅक्ट सांगतो की डेटा जगात कुठेही ठेवलेला असो, अमेरिकी कंपनीला तो कायदेशीर आदेशावर द्यावा लागेल. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटपुढे मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखांना शपथेवर विचारण्यात आलं की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीवाचून अमेरिकेला दिला जाणार नाही, अशी हमी देता का. त्यांनी ती हमी देता येणार नाही असं सरळ सांगितलं. त्याच्या आदल्याच महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यांचं ई-मेल अमेरिकी निर्बंधांनंतर बंद पडल्याची बातमी आली होती. आपण न्यायालयाची सेवा थांबवली नाही, असा मायक्रोसॉफ्टचा खुलासा आहे. पण बातमीचा परिणाम व्हायचा तो झाला. उद्या आपलं काय, हा प्रश्न बर्लिनपासून कोपनहेगनपर्यंत विचारला जाऊ लागला.

यावर युरोपने केलेला पहिला मोठा उपाय म्हणजे गाया-एक्स. ऑक्टोबर २०१९ मध्ये डॉर्टमुंडला त्याची घोषणा झाली, जर्मनी आणि फ्रान्स दोघांनी तो खांद्यावर घेतला. युरोपचं आपलं क्लाउड असा त्याचा गाजावाजा झाला, पण हळूहळू ते नियम आणि प्रमाणपत्रं ठरवणारं मंडळ होऊन बसलं. ज्यांच्यापासून सुटका हवी होती त्या अमेरिकी कंपन्याच सदस्य म्हणून आत आल्या, सोबत चिनीही आल्या. २०२१ मध्ये स्केलवे ही फ्रेंच क्लाउड कंपनी, जी संस्थापकांपैकीच होती, बाहेर पडली. झेंडा मोठा केला की काम झालं असं मानल्याचा हा परिणाम होता, असं मला वाटतं.

याच्या उलट एस्टोनियाकडे बघावं. तेरा-चौदा लाख लोकवस्तीचा हा देश. २००१ पासून तिथे एक्स-रोड नावाची व्यवस्था आहे. सगळ्यांचा डेटा एका कोठारात न भरता प्रत्येक कार्यालय आपापला डेटा आपल्याकडेच ठेवतं, मागेल त्याला मोजकं उत्तर देतं आणि कोणी काय मागितलं याची नोंद राहते. २००७ च्या सायबर हल्ल्याने हा देश हादरला होता. पुढे २०१७ मध्ये त्याने लक्झेंबर्गशी करार करून आपल्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत तिथे ‘डेटा दूतावासात’ ठेवली. शेजारी रशिया असलेल्या देशाने आपला डेटा मुद्दाम देशाबाहेर ठेवला आणि त्यामुळेच तो अधिक स्वतंत्र झाला! किल्ली कोणाकडे आहे आणि परत कधी आणता येतं, याचा विचार त्यांनी आधी केला होता.

घर भाड्याने घेताना आपण सोडण्याची अट आधी वाचतो. नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट परत कधी. क्लाउडच्या बाबतीत युरोपातल्या हजारो कंपन्यांनी हे वाचलंच नाही. आत शिरताना सगळं स्वस्त, बाहेर पडताना मात्र प्रत्येक गिगाबाइटमागे पैसे. डेटा अ‍ॅक्टने इथे नेमकं बोट ठेवलं आहे. जास्तीत जास्त दोन महिन्यांची नोटीस, त्यानंतर साधारणपणे तीस दिवसांत स्थलांतर आणि १२ जानेवारी २०२७ पासून सोडून जाण्याचं शुल्क शून्य. कायदा लागू होण्याआधीच त्याचा धाक दिसला. २०२४ च्या जानेवारीत गुगलने आणि मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन व मायक्रोसॉफ्टने, कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून डेटा बाहेर नेण्याचे पैसे घेणं बंद केलं. बिऱ्हाड हलवता येतं हे एकदा कळलं की घरमालकाची भाषा बदलते. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार सरकारी संगणक लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी नवा सर्व्हर-महाल बांधला नाही. फायली दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील एवढी सोय आधी बघितली.

इथपर्यंत युरोपातले बहुतेक पुढारी माना डोलावतील. अडचण पुढे आहे. डेटा अ‍ॅक्टला खरा विरोध अमेरिकेपेक्षा युरोपच्या घरातून झाला. मे २०२३ मध्ये सीमेन्स, एसएपी आणि आणखी काही जर्मन कंपन्यांनी आयोगाला पत्र लिहून इशारा दिला की या कायद्याने आमची व्यापारी गुपितं उघडी पडतील. मोटारींच्या बाबतीत तर कोर्टकचेऱ्या झाल्या. आजकाल पुढची काच बदलली की तिच्यावर बसवलेला कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो आणि त्यासाठी गाडीच्या संगणकाला जोडावं लागतं. फियाट-क्रायस्लरच्या इटालियन कंपनीने त्या दारावर कुलूप बसवलं: आधी नोंदणी करा, आमच्या सर्व्हरशी जोडून राहा, पैसे भरा, मग आत या. कारग्लास ही काच बदलणारी कंपनी न्यायालयात गेली. ५ ऑक्टोबर २०२३ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात नसलेल्या अशा अटी स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांवर लादता येणार नाहीत. काच बसवणाऱ्याला लक्झेंबर्गच्या न्यायालयापर्यंत जावं लागलं, यावरून परावलंबन कुठे कुठे मुरलं आहे ते कळतं. अमेरिकेच्या मुठीतून सुटायचं आणि गावातल्याच उत्पादकाच्या मुठीत राहायचं, याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

गुपितांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. एखाद्या कंपनीने वीस वर्षं खपून स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याच्या, कंपनांवरून बेअरिंग कधी जाईल हे ओळखायची पद्धत बसवली असेल, तर ती पद्धत तिची आहे. चीनमधला प्रतिस्पर्धी मधल्या एखाद्या ‘ग्राहका’कडून डेटा मिळवून नक्कल करील, ही भीती कल्पनेतली नाही. कायद्यात त्यावर बंदी आहे, मिळालेला डेटा स्पर्धक यंत्र बनवायला वापरता येत नाही, पण ही बंदी मोडली गेली हे सिद्ध कोण आणि कसं करणार? यंत्राचं दार उघडलं की चोरही येऊ शकतो, हेही खरं. तरी पद्धत आणि नोंद यांत फरक आहे. कंपनाचा आकडा, तापमान, किती तास चाललं, कोणता अलार्म किती वाजता आला, या नोंदी आहेत आणि त्या माझ्या वीजबिलावर तयार झालेल्या आहेत. त्यांचा अर्थ लावण्याचं सूत्र खुशाल कुलपात ठेवा. गुपिताच्या नावाखाली सगळाच डेटा झाकायची मुभा मिळाली, तर कायदा कागदावर राहील.

म्हणूनच १९ नोव्हेंबर २०२५ ला आयोगाने ‘डिजिटल ओम्निबस’ नावाचा दुरुस्ती-प्रस्ताव मांडला, तेव्हा मी अस्वस्थ झालो. तीन-चार विखुरलेले कायदे डेटा अ‍ॅक्टमध्ये एकत्र करायचे, कागदपत्रं कमी करायची, हे सगळं चांगलंच. पण त्याच प्रस्तावात, गुपित परदेशी फुटण्याचा धोका दाखवून डेटा नाकारण्याची वाट रुंद केली आहे आणि क्लाउड बदलण्याच्या नियमांतून काही जुन्या करारांना सवलत दिली आहे. लागू होऊन दोन-सव्वादोन महिने झालेल्या कायद्याला एवढ्यात ठिगळं कशाला? छोट्या कंपन्यांना अजून आपला हक्क काय आहे हेही नीट ठाऊक नाही. हक्क वापरायला लोक शिकण्याआधीच तो बारीक करणं मला चुकीचं वाटतं. युरोपीय संसदेने या ठिकाणी आयोगाला अडवावं.

हक्क मिळाला तरी एकट्याने वापरायचा म्हटला तर जड जातो. नेदरलँड्समधल्या दूध व्यवसायाने यावर काढलेला मार्ग मराठी वाचकाला लगेच ओळखीचा वाटेल. गोठ्यातला रोबोट प्रत्येक गाईचं दूध, वेळ, सडाची अवस्था टिपत असतो, खाद्य कंपनीकडे वेगळ्या नोंदी, डेअरीकडे वेगळ्या. तिथे जॉइनडेटा नावाची सहकारी संस्था आहे. कोणता डेटा कोणाला द्यायचा याची संमती शेतकरी तिथे एका जागी देतो आणि एका जागी काढून घेतो. सहकारातून दूध, साखर उभी केलेल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. एकेकट्याला कंपनी विचारत नाही, हजारांना विचारावंच लागतं.

मोटार उद्योगाचा मार्ग वेगळा आहे आणि तिथे माझा जीव गुंतलेला आहे, कारण मी भोसरीत सुट्या भागांचं छोटं युनिट चालवतो. माल थेट जर्मनीला जात नाही. आम्ही एका मोठ्या पुरवठादाराला देतो, तो पुढे देतो. जर्मन मोटार कंपन्यांनी २०२१ मध्ये काटेना-एक्स हे डेटा देवाणघेवाणीचं जाळं उभं केलं. भाग कुठून आला, कोणत्या बॅचचा, त्यामागे कार्बन किती, ही माहिती साखळीतल्या प्रत्येकाने आपल्याकडेच ठेवायची आणि ठरलेल्या अटींवर दुसऱ्याला दाखवायची, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगलीच आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची डिजिटल नोंद, लागणार आहे, तो अशा साखळीवाचून तयार होणं अवघड. सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून पक्का लागू झाला आहे. पोलादाचा नट-बोल्ट युरोपात उतरवायचा तर त्यामागचा कार्बनचा हिशेब लागतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये नट-बोल्टच बनतात. तिथल्या मालकाला मी संध्याकाळी एक्सेलच्या तक्त्यापुढे बसलेला बघतो. महिन्याची वीज किती, कच्चा माल कोणत्या मिलचा, भट्टीचं डिझेल किती. तो म्हणाला, “दादा, भरून देतो मी सगळं. पण यातनं माझा खर्च किती, मार्जिन किती, समोरच्याला बरोबर कळतं की.” पुढच्या वर्षीच्या रेट निगोशिएशनला समोरचा हाच तक्ता घेऊन बसणार नाही, याची खात्री त्याला कोणी दिलेली नाही. अटी मान्य नसतील तर देऊ नका, असं काटेना-एक्सची नियमावली म्हणू शकते. ऑर्डर हातची घालवायची ताकद नसलेल्या माणसाला या वाक्याचा काय उपयोग? युरोपने डेटा अ‍ॅक्टमध्ये दुबळ्या पक्षावर लादलेल्या अन्याय्य अटी रद्द ठरवल्या आहेत. साखळीच्या या शेवटच्या टोकापर्यंतही तोच न्याय पोचला पाहिजे, असं त्या साखळीचा भाग म्हणून मी मागतो.

आणि आता आमच्या शेडमधलं मशीन. युरोपीय बनावटीचं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन आहे, कर्ज काढून घेतलेलं. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला स्पिंडलचा अलार्म आला आणि मशीन थांबलं. ऑपरेटर पंधरा वर्षांचा अनुभवी. त्याने तेल बघितलं, हवेचं प्रेशर बघितलं, पट्टा बघितला. मी पोचलो तेव्हा म्हणाला, “साहेब, काय झालंय ते मशीनला ठाऊक आहे. आपल्याला सांगत नाही एवढंच.” स्क्रीनवर सर्व्हिस मेनू दिसत होता आणि त्यावर पासवर्ड. चौथ्या दिवशी सर्व्हिस इंजिनिअर आला, लॅपटॉप जोडला आणि दहा मिनिटांत सांगितलं की तीन आठवड्यांपासून तापमान चढत होतं. तीन आठवडे ही नोंद आमच्याच शेडमध्ये, आमच्याच मशीनच्या पोटात पडून होती. बिल व्हिजिटचं, आणि चार दिवसांचे जॉब राहिले ते वेगळं. नोंदीची प्रत मागितली तर ती ग्राहकाला देत नाहीत असं उत्तर आलं.

हेच मशीन स्टुटगार्टजवळच्या एखाद्या शेडमध्ये असतं, तर मालकाला ती नोंद मागायचा कायदेशीर हक्क होता. डेटा अ‍ॅक्ट युरोपीय संघातल्या वापरकर्त्यांना संरक्षण देतो, भोसरीला नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा फक्त वैयक्तिक डेटाबद्दल बोलतो. बिगर-वैयक्तिक डेटासाठी क्रिस गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये अहवाल दिला होता, त्यातून यंत्राच्या मालकाला हक्क देणारा कायदा काही झाला नाही.

या महिन्यात दुसरं मशीन घ्यायचं आहे. परचेस ऑर्डरच्या मसुद्यात मी एक कलम घातलं: अलार्म, तापमान, कंपन आणि चालू तासांची संपूर्ण नोंद वाचता येईल अशा स्वरूपात ग्राहकाला विनाशुल्क मिळेल आणि ग्राहक ती कोणत्याही मेकॅनिकला देऊ शकेल. विक्रेत्याचा माणूस फोनवर नम्रपणे म्हणाला की सर, हे युरोपच्या ऑर्डरमध्ये आम्ही आता देतोच, पण इंडियासाठी तशी पॉलिसी नाही. मी त्याला म्हटलं, पॉलिसी नाही म्हणजे मनाईही नाही, वर विचारा. कलम मी काढलेलं नाही. ऑर्डर अजून सही व्हायची आहे.